सुकतीच्या वेळची दारं

आईचं उत्तर यंत्राने दिलं, तेव्हा आई गुडघाभर चिखलात उभी होती.

दर्शनाला त्या घटकेला हे ठाऊक नव्हतं. ती साठ किलोमीटर दूर, किनारा मोजणी मंडळाच्या जिल्हा कार्यालयात बसून तपासणीचं काम करत होती. सर्वेक्षणाची घरं पुरी झाली की त्यातली कुठलीही दहा उघडायची, उत्तरं डोळ्यांखालून घालायची आणि खाली 'ठीक' लिहायचं, एवढंच काम. सातवं घर उघडलं आणि तिचा हात थांबला.

घर क्रमांक दोनशे सतरा. शेवरेबंदर. आनंदी लवू कोयंडे, वय एकसष्ट. तीन भेटी, तिन्ही वेळा कुलूप. उत्तरं: पूरककडून.

"अगं, ही तर माझी आई!" ती शेजारच्या टेबलावरच्या नीलमला म्हणाली.

"मग विचार ना काहीतरी. बोलतं ते."

बोलायचंच ते. पूरक हे यंत्र मंडळात येऊन तीन वर्षं झाली होती. त्याआधी सर्वेक्षणात बंद घर म्हणजे रिकामी चौकट असे. पूरक ती चौकट भरून काढायचं. बंद घराचं छप्पर कसलं, विजेचा मीटर दिवसा किती फिरतो, रेशन कधी उचललं जातं, फोन किती वाजतो, एवढं ते पाहायचं. मग तशाच खुणांची, पण दार उघडलेली घरं आसपास शोधायचं आणि त्यांची उत्तरं मिसळून बंद घराच्या तोंडी घालायचं. तोंडी म्हणजे खरोखरच तोंडी. वरिष्ठांना आकडे वाचायचा कंटाळा, म्हणून पूरक त्या घराला चेहरा आणि आवाजही द्यायचं.

पडद्यावर एक बाई आली. केस नीट विंचरलेले, पदर खांद्यावर.

"तुमच्या घरात कुणी खाडीवर पोट भरतं का?" दर्शनाने विचारलं.

"नाही. मी घरीच असते. मुलगी नोकरीला आहे, तिचं चांगलं चाललंय."

"खाडीच्या तोंडाशी भरती-दार झालं तर तुमची हरकत?"

"हरकत कसली? वीज येईल. चांगलंच आहे."

नीलम खुदकन हसली. दर्शनाही हसणार होती, पण तिची नजर त्या बाईच्या हातांवर गेली. गोरे, मऊ, एकही ओरखडा नसलेले हात. आईच्या बोटांना कालवांच्या शिंपल्यांनी केलेल्या चिरा होत्या, चिरांवर चिरा. लहानपणी आई वेणी घालायची तेव्हा दर्शनाचे केस त्या चिरांत अडकायचे. ती ओरडायची, आणि आई म्हणायची, सोस गो, खाडीबायनं पण हात फिरवलान तुझ्या डोक्यावरून.

दर्शनाने 'ठीक' लिहिलं नाही.

* * *

उमराणीकर सर मंडळाचे मुख्य संख्याशास्त्रज्ञ. बारा वर्षांपूर्वी शेवरेबंदरची एक बुजरी मुलगी नमुना-शास्त्र शिकायला आली, तेव्हा तिला शेजारी बसवून त्यांनीच शिकवलं होतं. बाराशे तांदळांतून चार दाणे चेपून भात शिजला की नाही कसं कळतं, इथपासून.

"सर, शेवरे खाडीचा आकडा चुकलाय."

"शंभरात तीन घरं खाडीवर जगतात. सहाशे घरांचा नमुना. कुठे चुकला?"

"सहाशेतली दोनशे बंद होती. ती पूरकने भरली."

"मग? तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा कुलूप. बंद दाराला चौथी खेप घालायची तर गाडी, माणसं, अख्खा दिवस. तेवढ्या खर्चात शहराकडे तीस दारं उघडतात, दर्शना. मी तीस उत्तरं घेऊ की एक?"

"तीस काय, तीन हजार घ्या, चूक तीच राहील. जी दारं उघडतात त्यांच्यामागे तसलीच माणसं असतात."

सर हसले. त्यांना असं उलटून बोललेलं आवडायचं, निदान पूर्वी आवडायचं. "माझं खडूचं चित्र आठवतंय ना? नमुना वाढला की आकडा थरथरायचा थांबतो."

"आठवतंय. पण तो चुकीच्या जागी उभा असेल, तर थरथरायचा थांबल्यावर जास्त घात करतो. मग कुणी शंका पण घेत नाही."

या 'तीन'वर पुष्कळ अवलंबून होतं. खाडीच्या तोंडाशी लोखंडी दार बसणार होतं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, अडवायचं आणि हळूहळू सोडताना त्यावर वीज करायची. जिल्हाभर उजेड, धूर नाही, कोळसा नाही. दार वाईट नव्हतं. फक्त दाराच्या आतल्या खाडीत पाणी कधीच तळापर्यंत उतरणार नव्हतं. म्हणजे चिखल कधी उघडा पडणार नव्हता. म्हणजे ओहोटीच बंद. कायदा सांगत होता की काठावरच्या शंभरातल्या दहाहून जास्त घरांचं पोट पाण्यावर असेल, तर त्यांच्या संमतीवाचून दार बांधता येणार नाही. आणि सर्वेक्षण सांगत होतं, तीन.

"सुनावणी गाडीच्या पुढच्या फेरीला आहे," सर म्हणाले, आता न हसता. "अहवालावर माझी सही झाली. आणि एक सांगू? फेरीचा आराखडा तुझा होता. खर्च निम्म्यावर आणलास म्हणून तुला शाबासकी मिळाली. आता तूच म्हणणार आकडा चुकला?"

ते खरं होतं. एकच गाडी, तीत बारा सर्वेक्षक. पंधरवड्यातले तीन दिवस खाडीकाठाला, बारा दिवस वरच्या कातळी सड्यावर आणि शहरात. सकाळी नऊ ते अकरा भेटी, मग गाडी चार्जिंगला. आराखडा दर्शनाने आखला होता, आणि फार सुबक आखला होता.

"मला बारा दिवसांची रजा हवी," ती म्हणाली.

"कशाला?"

"आईला भेटायला."

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला ती शेवरेबंदरला उतरली आणि घरी गेली तर दाराला कुलूप.

पायरीवर बसून ती कुलपाकडे बघत राहिली. चौथी भेट, चौथं कुलूप. तिला हसूही येईना. समोर माडांच्या पलीकडे खाडी पाठ फिरवून निघून गेलेली. तळ उघडा पडलेला, काळा, ओला, चमकणारा, आणि त्यावर दूर रंगीत ठिपके वाकलेले. लाल, हिरवे, पिवळे. त्यातला हिरवा हळूहळू मोठा होत आला, त्याला डोकं फुटलं, डोक्यावर टोपली आली.

"दर्शू? तू गो कधी इलंस?" आईने टोपली उतरवली. आत तिसऱ्या, म्हणजे लहान शिंपल्या, आणि वरती थोडी कालवं. "फोन नाय, काय नाय. नोकरी गेली काय?"

"अजून नाही."

"मगे जातली," मागून आलेली शेवंताकाकी म्हणाली. ती शेजारीण, आईची चिखलातली जोडीदारीण. "सरकारी माणूस कामाच्या दिवशी घरी इलो तर दोनच कारणा. एकतर नोकरी गेली, नायतर सोयरीक इली."

दर्शनाने सगळं सांगितलं. पडद्यावरच्या बाईचं सांगताना आईचा चेहरा बघवेना. आई पाय धुवायची थांबली होती.

"माझ्या नावान बोलता? काय बोलला?"

"हरकत नाही म्हणाली."

"आणि तू ऐकून घेतलंस?"

आईने तांब्यातलं उरलेलं पाणी अंगणात भिरकावलं.

"पण आये, माणसं तीनदा आली होती. तुम्ही एकदाही घरी कशा नव्हतात?"

"ती काय येवची रीत?" शेवंताकाकी उसळली. "ती तुमची बिनआवाजाची गाडी नेमकी चवथीक येता. संकष्टीक इली, विनायकीक इली, परत संकष्टीक इली. मी हिका म्हटलंय, मोदक खावक येतत काय गो ही माणसा?"

दर्शनाने फोनवर भेटींच्या तारखा काढल्या, शेजारी पंचांग उघडलं. एक, दोन, तीन. चतुर्थी, चतुर्थी, चतुर्थी. काठावरच्या बाकीच्या वाड्या पंचमीला आणि षष्ठीला, तिन्ही वेळा.

आणि कुठून तरी, केसांच्या मुळांतून, वेणी घालतानाचे आईचे सूर वर आले. ती ओठांतल्या ओठांत म्हणाली,

*चवथीक नवाक सुकती, तिनाक भरती,*
*खाडीबायचा घड्याळ चंद्र चालवी वरती.*

"विसरलंस नाय तर," आई म्हणाली.

"विसरले होते, आये. म्हणूनच हे झालं."

शेवरेबंदरच्या कुठल्याही पोरीला नऊ-दहाच्या पाढ्याआधी हे शिकवलं जातं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी, म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन. तीनला पूर्ण भरती, म्हणून नऊला पूर्ण सुकती. ओहोटीला इकडे सुकती म्हणतात. भरती-ओहोटी दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि पंधरा दिवसांत हे सरकणं साठून बारा तासांवर जातं. म्हणजे पंधरा दिवसांनी ओहोटी घड्याळाच्या पुन्हा त्याच ठोक्यावर. मंडळाची गाडी पंधरा दिवसांनी यायची. चंद्रही पंधरा दिवसांनी यायचा. दोघं हातात हात घालून यायचे आणि बायका चिखलात असतानाच दारं वाजवून जायचे. शंभर खेपा घातल्या असत्या तरी शंभरदा कुलूपच दिसलं असतं.

घरी होते ते पेन्शनवाले, नव्या बंगल्यांतले, दुकानवाले. त्यांनी दार उघडलं, चहा दिला आणि खरं तेच सांगितलं, आमचं खाडीवर काही नाही. पूरकने तेच खरं उचलून बंद दारांना वाटून टाकलं. यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक नव्हतं की घर बंद का, याचं कारण आणि प्रश्नाचं उत्तर ही एकच गोष्ट आहे.

* * *

"चला, मगे आमी सगळ्यो जातों सुनावणीक," शेवंताकाकी म्हणाली. "आराडतों. बघुया कोण दार बांधता."

"ओरडलात तर ते म्हणतील, जी ओरडायला आली ती ओरडणारीच. बाकीच्यांचं काय? त्यांना आकडा लागतो काकी. मी आकडा आणते."

"दोनशे घरा एकटी फिरतलंस?"

"चाळीस."

ही युक्तीही उमराणीकर सरांच्याच वहीतली. बंद दारं पुष्कळ आणि पैसा-वेळ थोडा, तर सगळ्यांकडे एकेकदा धावू नये. त्या बंद दारांतून चिठ्ठ्या टाकून थोडी निवडावीत आणि तेवढ्यांचा मात्र पिच्छा सोडू नये. दहादा जावं लागलं तर दहादा जावं. दोनशेतली चाळीस, म्हणजे एकेक दार पाच दारांच्या वतीने बोलेल. अट एकच, निवड कुणाच्या मर्जीने व्हायची नाही. सरांनी हे शिकवलं होतं, आणि पूरक आल्यावर ती वही कपाटात गेली होती.

चिठ्ठ्या टाकणं मात्र शेवरेबंदरला कुणी शिकवायची गरज नव्हती. दरवर्षी नारळी पौर्णिमेनंतर कालवांचे खडक इथे असेच वाटले जातात. प्रत्येकीने आपली खूण केलेला शिंपला घागरीत टाकायचा, आणि सर्वांत म्हाताऱ्या बाईने पाठमोरं बसून एकेक काढायचा. जिचा शिंपला, तिचा खडक. बोंब मारायची नाही, रुसायचं नाही.

दोनशे शिंपल्यांवर दोनशे घरक्रमांक रंगवले. पाच वाड्यांच्या बायका देवळासमोर जमल्या. नव्वदीतली पार्वतीआजी घागरीकडे पाठ करून बसली आणि शेवंताकाकी हळूच दर्शनाच्या कानाशी आली.

"ह्या बघ. तेरा नंबर सुलोचना. बोलता बरा, साहेबाक गप करील. तिचो शिंपलो मी हातात धरलंय. आजीच्या हातात सरकवतंय."

"टाक तो घागरीत."

"गो बाय, आमच्याच भल्याचा—"

"आपल्या भल्याचं आहे म्हणूनच टाक! खडक असे कुणी हातात सरकवून वाटले असते तर चालले असते तुला? मग उत्तरं कशी वाटतेस? पूरकने आपल्या मनाने भरलं, आपणही आपल्या मनानं भरायचं, मग त्याच्यात नि आपल्यात फरक काय उरला?"

शेवंताकाकीने शिंपला घागरीत टाकला, तोंड फुगवून, आवाज होईल असा.

आजीचा हात आत गेला, बाहेर आला. एकशे चार. एकोणतीस. एकशे नव्वद. प्रत्येक आकड्याला गर्दीत कुठेतरी एक हुंकार. अडतीस शिंपले झाले, एकोणचाळीस झाले. आई पुढे येऊन उभी होती, पदराचं टोक मुठीत. चाळीसावा शिंपला निघाला.

सहा.

दोनशे सतरा आलाच नाही.

"दर्शू," आई सावकाश म्हणाली. "माझ्या नावान त्या यंत्रान बोलला, आणि माका बोलूक गावायचा नाय?"

दर्शनाने घागरीकडे पाहिलं. एक शिंपला. लेक मोजणारी, घागर गावची, कुणी हरकतसुद्धा घेतली नसती. सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या, शेवंताकाकी तर डोळे बारीक करून.

"नाही, आये. नाही घेता येत."

आईने पदराचं टोक सोडलं.

"बरोबर आसा," ती म्हणाली. "वाटपात खडक नाय इलो म्हणान मी कधी रुसललंय? चल, सहा नंबर वरच्या वाडीत आसा. चढ आसा. मी दाखवतंय."

* * *

बारा दिवस दर्शना पंचांग घेऊन फिरली. भरतीच्या वेळी, पाणी चढलं की बायका घरी येतात, तेव्हा. दारं उघडली. कुणी तिसऱ्या उकडत होतं, कुणी पाठ शेकत होतं. चौदा नंबरला सात खेपा लागल्या, कारण ती बाई सुकतीला खाडीत आणि भरतीला बाजारात. शेवटी दर्शनाने तिला बाजारात टोपलीमागे बसून विचारलं. ती म्हणाली, "लिव लवकर, गिऱ्हाईक जाता."

सगळेच तिला हवं ते बोलले नाहीत. एकशे साठमधली रोहिणी म्हणाली, "खाडीचा नाव काढू नको माझ्यापुढे. कंबर मोडली माझी त्या चिखलात. माझी पोर त्यात उतरूक नको. बांधा तुमचा दार." तिचं पोट आता शिलाईवर होतं. दर्शनाने ती जसं बोलली तसं लिहिलं, 'नाही'. आठ दारं अशी 'नाही' म्हणाली. दोन दारं काही केल्या उघडलीच नाहीत. ती दोन्ही तिने स्वतःच्या विरुद्ध धरली, 'नाही'मध्ये.

उरली तीस.

आठव्या दिवशी सरांचा फोन आला. "मंडळाच्या परवानगीवाचून तू मोजणी करतेयस असं कळलं. तुझा करार रद्द होईल. मी वाचवू शकणार नाही."

"वाचवू नका सर. तुमची जुनी वही मात्र वाचा. पान एकोणसत्तर."

पलीकडून फोन बंद झाला.

* * *

सुनावणी शेवरेबंदरच्या शाळेत ठेवली होती. मंडळाची गाडी ज्या दिवशी येते त्या दिवशी, खर्च वाचावा म्हणून. वेळ सकाळी साडेनऊ.

तिथी चतुर्थी. हातची सुकती सोडून बायका येणार नव्हत्या.

शंभर खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या दोन रांगांत बंगलेवाले, दुकानदार, भरती-दाराच्या कंपनीची माणसं. मागच्या ऐंशी खुर्च्या रिकाम्या. व्यासपीठावर सुनावणी अधिकारी वैजयंती हुलसुरे, लातूरकडच्या, सडेतोड म्हणून नाव असलेल्या. शेजारी उमराणीकर सर. भिंतीवर पूरकचा मोठा पडदा.

"ग्रामस्थ आलेले नाहीत," हुलसुरेंनी घड्याळ पाहिलं. "हरकत नोंदवायला कुणी नाही असं धरायचं का?"

"अनुपस्थित घरांचं म्हणणं पूरककडे आहे," कंपनीचा माणूस म्हणाला आणि त्याने कळ दाबली. पडद्यावर चेहरे उमटले. एकामागून एक, विंचरलेले, हसरे. *हरकत नाही. हरकत नाही. चांगलंच आहे.* आणि मग ती, दोनशे सतरा. *मी घरीच असते.*

दर्शना उठली.

"मॅडम, ही बाई आनंदी लवू कोयंडे. माझी आई. ती घरी नाही. तुमच्या डाव्या हाताची खिडकी उघडा, ती तिथे आहे."

"तुम्ही मंडळाच्याच ना? तुमच्यावर तर—"

"कारवाई आहे. ती नंतर करा. आधी खिडकी उघडा."

कुणीतरी हसलं. हुलसुरे हसल्या नाहीत. त्या स्वतः उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि झडप ढकलली. खाली खाडीचा तळ उन्हात पसरला होता, आणि त्यावर शंभर, दीडशे रंगीत ठिपके, वाकलेले, सरकणारे. वाऱ्यावर हाकेचे तुकडे येत होते.

"आत्ता साडेनऊ वाजलेत," दर्शना म्हणाली. "चतुर्थी आहे. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हाही हीच वेळ होती, दुसऱ्यांदाही, तिसऱ्यांदाही. मीच आखली होती ती. चूक माझी आहे, लिहून घ्या. पण त्या गैरहजर नाहीत. तुम्ही विचारताय, तुमचं पोट खाडीवर आहे का. त्या उत्तर देतायत. तुम्ही दाराकडे बघत बसलात."

मग तिने चाळीस कागद टेबलावर ठेवले. घागर, शिंपले, दोनशेतली चाळीस, चाळिसातली तीस. एका दारामागे पाच, म्हणजे दोनशेतली दीडशे. उघड्या चारशे घरांतली बारा मिळवा. सहाशेत एकशे बासष्ट. शंभरात सत्तावीस.

"शिंपल्यांनी निवडलेला नमुना?" कंपनीचा माणूस म्हणाला. "हे काय शास्त्र झालं?"

हुलसुरे उमराणीकरांकडे वळल्या. "सर, तुम्ही सांगा."

सर उठले. त्यांच्या हातात एक जुनी, कडा पिवळ्या पडलेली वही होती. दर्शनाला ती लांबूनही ओळखता आली.

"शास्त्र आहे," ते म्हणाले. "घागर चांगली हलवली असेल तर आमच्या यंत्राच्या चिठ्ठीइतकीच चांगली. ही पद्धत मीच हिला शिकवली. स्वस्त उत्तरं मिळायला लागल्यावर मी ती बंद केली." ते थांबले. "हिचा आकडा बरोबर आहे. माझ्या सहीचा नाही."

दर्शनाकडे त्यांनी पाहिलं नाही. बसताना त्यांनी वही मिटून टेबलावर ठेवली.

हुलसुरे अजून खिडकीतच होत्या. "या बायका वर कधी येतात?"

"भरतीला."

"म्हणजे किती वाजता?"

"चाराची पाऊणपट," दर्शना म्हणाली. "तीन."

"सुनावणी तीन वाजता," हुलसुरे म्हणाल्या. "गाडीला थांबायला सांगा."

"मॅडम, गाडीचा एक दिवसाचा खर्च—" मंडळाचा कुणीतरी पुटपुटला.

"थांबायला सांगितलं ना?"

निरोप खाली चिखलात पोचला, आणि तीनच्या आधीच शाळेच्या पायऱ्यांवर ओली पावलं उमटायला लागली. लाल, हिरवी, पिवळी लुगडी, अंगाला खाडीचा वास. ऐंशी खुर्च्या भरल्या, मग बायका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, मग व्हरांड्यात. दर्शनाची आई पहिल्या रांगेपर्यंत गेली आणि पडद्यापुढे थबकली. पडदा कुणी बंद केला नव्हता.

"ही कोण गो?"

"तू, आये."

आईने त्या बाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हात बघ तिचे. ह्या हातांनी एक कालव फोडूचा नाय तिका."

"आजी, तुमचं नाव?" हुलसुरेंनी विचारलं.

"मॅडम, हिचा शिंपला आला नव्हता," दर्शना घाईने म्हणाली. "हिचं उत्तर आकड्यात धरू नका."

"नको धरू आकड्यात," आई म्हणाली. "माझो आकडो त्या चाळीस दारांनी सांगल्यानी. माका फक्त हिका गप करूचा आसा." तिने पडद्याकडे बोट केलं, मग दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले, चिरांवर चिरा असलेले, अजून ओले. "माझा नाव आनंदी लवू कोयंडे. माझ्या दाराक कुलूप होता. तोंडाक नव्हता."

हुलसुरेंनी कळ दाबली. पडदा काळा झाला, आणि त्या काळ्या काचेत दीडशे बायका उभ्या दिसल्या.